खडीचा रस्ता आणि शंभर मैल



मागच्या खेपेला मी इथं इच्छास्वातंत्र्यावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ भेटायला आले आणि म्हणाले, "सर, कळलं फारसं नाही, पण ऐकायला बरं वाटलं." (हशा) तेव्हाच ठरवलं की तोच प्रश्न पुन्हा घ्यायचा, पण या वेळी जमिनीवरून न्यायचा. म्हणून आज धावण्याबद्दल बोलणार आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात लेडविल नावाचं एक खाणगाव आहे. तिथल्या डोंगरांतल्या खडीच्या रस्त्यांवर दर ऑगस्टमध्ये माणसं शंभर मैल धावतात. एका दमात, म्हणजे तीस तासांच्या आत. १६० किलोमीटर. पुण्याहून मुंबईला पायी धावत जायचं, वर आणखी थोडं, आणि तेही हवा विरळ असलेल्या उंचीवर.

मी स्वतः आयुष्यात बस पकडण्यापलीकडे कधी धावलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण खडीशी माझं जुनं नातं आहे. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडत होती. आमचं गाव माण तालुक्यातलं. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली, आणि गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. तुमच्यापैकी साठीपुढच्या मंडळींना ते चित्र आठवत असेल. ओळीनं बसलेली माणसं, डोक्यावर पदर नाहीतर टॉवेल, पुढ्यात डबर, हातात हातोडी. दीड इंची खडी पाडायची, ढीग लावायचा, मग कोणीतरी येऊन ढीग मोजायचा आणि त्यावर मजुरी. घरी लाल मिलोची भाकरी, तीही अमेरिकेहून आलेली, आणि पोरांना सुकडी. मी तेव्हा कॉलेजात होतो. सुट्टीत घरी गेलो की मीही तिच्याशेजारी बसायचो. दोन दिवसांत हाताला फोड यायचे. तिच्या हाताला यायचे बंद झाले होते.

त्यामुळं 'खडीचा रस्ता' म्हटलं की माझ्या मनात पहिल्यांदा तो रस्ता वापरणारा येत नाही, तो करणारा येतो. लेडविलच्या रस्त्यांकडेही मी त्याच नजरेनं पाहिलं. तो माझा पूर्वग्रह आहे असं समजा.

आता तिथं मी पोहोचलो कसा? मुलगी डेन्व्हरला असते. आमचे जावई चाळिशीत धावायला लागले. आधी दहा किलोमीटर, मग मॅरेथॉन, मग एक दिवस मुलीचा फोन, "बाबा, यांनी शंभर मैलांचा अर्ज भरलाय आणि सोडतीत नंबर लागलाय." सोडत म्हटल्यावर मला म्हाडाचं घर आठवलं. (हशा) त्या वर्षी आम्ही दोघं तिकडं होतो, तर मी म्हटलं, मीही येतो. लेडविल समुद्रसपाटीपासून सुमारे १०,१५० फूट उंचीवर आहे. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे तिथं दुकानात दूध आणायला निघालात तरी तुम्ही कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असता. पहिली रात्र मी डोकं धरून बसून काढली.

शर्यत पहाटे चारला सुटते, बंदुकीच्या बारानं. गावाच्या सहाव्या रस्त्यावरून माणसं अंधारात उताराला लागतात, प्रत्येकाच्या कपाळावर दिवा. पुढं मुरमाचा सरळ रस्ता, मग टर्क्वॉइज नावाच्या तलावाचा काठ, मग हॅगरमन खिंडीकडं जाणारा रस्ता. तिथून शुगरलोफची चढण आणि विजेच्या मनोऱ्यांखालून खाली उतरणारी ती बदनाम घसरण. पुढं ट्विन लेक्स नावाची वाडी. ही सगळ्यांत सखल जागा, म्हणजे तीसुद्धा ९,२०० फूट. तिथून ओढे तुडवत साडेबारा हजार फुटांवरची होप पास ही खिंड चढायची. खिंडीजवळच्या चौकीवर खाणं-पाणी लामांच्या पाठीवरून चढवतात. तिथून पलीकडं उतरून विन्फील्ड, आणि मग ह्याच वाटेनं परत. म्हणजे खिंड पुन्हा, घसरण आता चढण म्हणून, आणि तोवर रात्र झालेली. एकूण चढ पंधरा हजार फुटांहून जास्त.

धावणारे लोक एक गोष्ट सांगतात, ती मला आधी खरी वाटली नव्हती. चढ माणसाला दमवतो, पण मोडतो तो उतार. खडीच्या उतारावर प्रत्येक पाऊल म्हणजे शरीराला लावलेला ब्रेक. मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच वजन झेलतो, आणि त्या झेलण्यात त्याचे धागे तुटतात. वर खडी पायाखाली सरकते, म्हणून घोटा सतत सावध. डांबरावर माणूस धावता धावता विचार करू शकतो, इथं विचारालासुद्धा पायाकडं बघावं लागतं.

पण हे रस्ते तिथं आले कुठून? इतक्या उंचीवर, जिथं ज्वारीचं ताट उगवणार नाही, तिथं रस्ता करायची गरज कोणाला पडली?

१८६० मध्ये तिथल्या कॅलिफोर्निया गल्च नावाच्या घळीत सोनं सापडलं. ते थोड्या वर्षांत संपलं. सोनं धुताना एक जड काळी माती सारखी आड यायची, लोक तिला शिव्या घालायचे. १८७० च्या दशकात कळलं की ती माती म्हणजे चांदीमिश्रित शिशाचं खनिज आहे. मग काय! १८७७ मध्ये जिथं गावही धड नव्हतं, तिथं १८८० च्या जनगणनेत सुमारे १४,८०० माणसं मोजली गेली. नाटकगृह झालं, बँका झाल्या, आणि डोंगराच्या प्रत्येक भोकापर्यंत गाडीरस्ता गेला. आज धावपटू ज्या हॅगरमन रस्त्यानं चढतात, तो कोलोरॅडो मिडलँड या रेल्वेच्या जुन्या मार्गावरचा आहे. १८८७ मध्ये त्या कंपनीनं साडेअकरा हजार फुटांवर बोगदा पाडून गाडी पलीकडं नेली होती. रूळ कधीच उखडले, भराव राहिला. रेल्वेचा चढ इंजिनाला झेपेल इतकाच ठेवावा लागतो, म्हणून तो चढ माणसालाही बेताचा लागतो. धावपटू त्या टप्प्याला सोपा म्हणतात. विन्फील्ड, जिथून शर्यत परत फिरते, तेही १८८० च्या दशकातलं खाणगाव. आज तिथं चार लाकडी घरं आणि एक दफनभूमी उरली आहे.

हे रस्ते केले कोणी? पुष्कळसे आयरिश होते. त्यांच्या देशात १८४० च्या दशकात बटाट्याचा दुष्काळ पडला होता आणि त्यानंतर दोन पिढ्या माणसं बाहेर पडत राहिली. लेडविलच्या एव्हरग्रीन दफनभूमीत झाडांखाली जमिनीला नुसते लांबट खळगे दिसतात, दगड नाही, नाव नाही. अशी हजाराहून अधिक माणसं तिथं आहेत. मी त्या खळग्यांमधून चाललो. दुष्काळानं हुसकलेली माणसं रस्त्याच्या कामावर येतात, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि आता एक गोष्ट सांगतो, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. या गावाच्या नाशाचा एक धागा मुंबईच्या टांकसाळीपर्यंत येतो. त्या काळात हिंदुस्थान हा चांदीचा मोठा गिऱ्हाईक. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या नाहीतर कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. पण जगात चांदी फार झाली. लेडविलसारख्या गावांनीच ती केली. भाव उतरत गेला आणि रुपया दोन शिलिंगांवरून सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. सरकारला विलायतेला पेन्शनी आणि व्याज पौंडांत भरायचं असे. तेव्हा २६ जून १८९३ रोजी सिमल्यात कायदा करून खाजगी चांदीला टांकसाळी बंद केल्या. तारेनं बातमी अमेरिकेत गेली. भाव गडगडला, आणि आठवडाभरात कोलोरॅडोतल्या बहुतेक चांदीच्या खाणींनी कामं थांबवली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सरकारनंही दरमहा चांदी विकत घेण्याचा आपला कायदा रद्द केला आणि शेवटचा टेकू गेला. होरेस टेबर नावाचा तिथला चांदीचा राजा भिकेला लागला. त्याची बायको पुढं कित्येक वर्षं मॅचलेस नावाच्या खाणीशेजारच्या खोपटात राहिली आणि १९३५ च्या मार्चमध्ये तिथंच थंडीनं गारठलेली मिळाली. पर्यटक तिचं खोपट बघतात. बेकार झालेल्या खाणकामगारांचं खोपट कुठं दाखवत नाहीत.

१८९६ मध्ये कामगारांनी संप केला. मागणी एवढीच की अडीच डॉलरवाल्यांना सगळ्यांसारखे दिवसाला तीन डॉलर द्या. सैन्य आलं, संप फसला. पुढचा काळ मी उडवतो.

गाव पुन्हा उभं राहिलं ते मॉलिब्डेनमवर. पोलाद कणखर करणारा हा धातू. गावापासून काही मैलांवर फ्रीमाँट खिंडीत क्लायमॅक्स नावाची त्याची खाण होती. पहिल्या महायुद्धात ती सुरू झाली, आणि एका काळी जगातलं बहुतेक मॉलिब्डेनम एवढ्या एका डोंगरातून निघत होतं. गावातला जवळजवळ प्रत्येक कर्ता माणूस तिथं. १९८२ च्या सुमाराला पोलादाची मागणी पडली आणि खाण बंद झाली. तीन हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या, त्याही एवढ्याशा गावातून. १९८२ म्हटल्यावर आपल्याकडच्या श्रोत्यांना दुसरं काही आठवलं असेल. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता. कारणं अगदी वेगळी, तुलना ताणायची नाही. पण सकाळचा भोंगा वाजायचा थांबला की गावात जी शांतता पडते, ती दोन्हीकडं एकच असावी.

केन क्लाउबर नावाचा एक खाणकामगार होता. क्लायमॅक्समध्ये पाळीचा मुकादम. गाढवांबरोबर डोंगरात धावायच्या शर्यती तिकडं आहेत, त्यात भाग घेणारा. नोकरी गेली. गावात पर्यटक यायचे, पण कॉफी पिऊन पुढं जायचे. क्लाउबरचं गणित साधं होतं. माणूस रात्री मुक्कामाला राहिला तर पैसा गावात राहील. आणि माणसाला मुक्कामाला ठेवायचं तर त्याला असं काही करायला लावा जे एका दिवसात संपणारच नाही. शंभर मैल धावण्याची कल्पना जिम ब्युटेरा या धावपटूची, गरज लेडविलची. गावातल्या वैद्यकीय जाणकारानं त्याला बजावलं की या उंचीवर कोणीतरी मरेल. त्यावर तो म्हणाला की मग तर आपलं नाव होईल. असं सांगतात. खाणीत मरण रोजचं पाहिलेल्या माणसाचा विनोद आहे तो. १९८३ च्या ऑगस्टमध्ये पहिली शर्यत झाली. ४५ जण सुटले, १० पोहोचले. तीस तासांच्या आत आलेल्याला चांदीचं बक्कल, पंचवीस तासांच्या आत आलेल्याला मोठं, सोन्याचांदीचं. क्लाउबर पुढं राज्याच्या विधिमंडळात गेला. खाणीनं बुडवलेल्या गावात ऑगस्टचे पलंग भरू लागले.

शंभर मैल हा आकडाही मजेशीर आहे. तो माणसाचा नाही, घोड्याचा आहे. कॅलिफोर्नियात १९५५ पासून घोड्यांची एक दौड होते, एका दिवसात शंभर मैल, आणि बक्षीस पट्ट्याचं बक्कल. १९७४ मध्ये गॉर्डी एन्सली नावाच्या स्वारानं घोडा न घेता ती वाट स्वतः पायी धावून काढली, चोवीस तासांच्या आत. तिथून हे सुरू झालं. म्हणजे आधी घोड्यासाठी ठरवलेलं काम माणसानं आपण होऊन अंगावर घेतलं.

आता इथं थोडं तत्त्वज्ञान. दारं बंद केलेली आहेत, तेव्हा पळून जाता येणार नाही. (हशा) बर्नार्ड सूट्स नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. 'द ग्रासहॉपर' हे त्याचं पुस्तक १९७८ चं. खेळ म्हणजे काय, याची व्याख्याच होऊ शकत नाही असं विट्गेनस्टाइननंतर सगळे धरून चालले होते. सूट्सनं ती करून दाखवली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गरज नसलेले अडथळे आपण होऊन पत्करायचे आणि ते पार करायची धडपड करायची, म्हणजे खेळ. लेडविलहून लेडविललाच यायचं आहे ना? मग सकाळी घरीच बसा. पण मधल्या शंभर मैलांची अट आपणच घातली, म्हणून तो खेळ.

वर्षानुवर्षं मी ही व्याख्या वर्गात शिकवली आणि मला ती पटत आली. लेडविलला मात्र ती अर्धीच लागू पडताना दिसली. धावणाऱ्याला अडथळा अनावश्यक आहे, कबूल. पण गावाला? गावाला तो अडथळा रोजीरोटीइतका आवश्यक होता. एकाच खडीवर एकाचा खेळ आणि दुसऱ्याचं पोट. सूट्सच्या पुस्तकात खेळाडू आहेत, पण त्यांना पहाटे तीनला सूप गरम करून देणारी बाई नाही. आणि तिसरा एक माणूस आहे, ज्याचं काय करायचं हे मला अजून नीट समजलेलं नाही. त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

मेक्सिकोच्या चिवावा राज्यात खोल दऱ्यांचा प्रदेश आहे. तिथं रारामुरी लोक राहतात. बाहेरचे त्यांना ताराहुमारा म्हणतात. मका पिकवणारे लोक. त्यांच्याकडं लाकडी चेंडू पायानं उडवत, गटागटानं, तासन्‌तास धावायचा खेळ आहे, बायकांचा वेगळा, कड्यांचा. गाव पैजा लावतं, रात्री पलिते धरून सोबत धावतं. पायात टायरच्या तळव्याच्या वहाणा. आमच्याकडं दुष्काळी कामावर बायामाणसांच्या पायांत असायच्या तशाच.

या लोकांना बाहेर आणून धाववण्याचा मोह जुना आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये मेक्सिकोनं दोन रारामुरी उतरवले. ते एकविसावे आणि बत्तिसावे आले. आपल्याकडंही असं घडलेलं आहे. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटांना हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवावासा वाटला, आणि १९२० मध्ये अँटवर्पला बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. या सगळ्यात मला एक शब्द खटकतो, 'उपजत'. यांचं धावणं उपजत, निसर्गदत्त. म्हणजे त्यामागं मेहनत, खेळ, डावपेच, लाज, हौस काही नाही. हरणाबद्दल आपण असं बोलतो.

१९९२ मध्ये एका अमेरिकी छायाचित्रकार-वाटाड्यानं रारामुरींची पहिली तुकडी लेडविलला आणली. धावण्याच्या बदल्यात गावाला मका, असा व्यवहार होता. त्या वर्षी एकालाही शर्यत पुरी करता आली नाही. लोकांना नवल वाटलं. पण कारणं बघा. वाट अनोळखी, पायात कोणीतरी दिलेले नवे बूट, आणि सांगतात की चौक्यांवर मांडलेलं खाणं आपल्यासाठी आहे हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते बाजूला उभे राहिले, कोणी बोलावतंय का याची वाट बघत. मला ते चित्र फार ओळखीचं वाटतं. मी पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा मेसमध्ये असाच उभा राहिलो होतो.

पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. बूट फेकले, टायरच्या वहाणा घातल्या. व्हिक्टोरियानो चुरो, पन्नाशी ओलांडलेला शेतकरी, पहिला आला. दुसराही रारामुरी, पाचवाही. १९९४ मध्ये सामना रंगला. ॲन ट्रेसन ही त्या काळातली थोर धावपटू खिंड पार करून पुढं निघाली, आणि परतीच्या वाटेवर पंचवीस वर्षांच्या हुआन हेरेरानं तिला गाठलं. त्याची वेळ १७ तास ३० मिनिटं, शर्यतीचा नवा विक्रम. तिची १८ तास ६ मिनिटं, बायकांमधला विक्रम, जो पुढं तीस वर्षं कोणालाही मोडता आला नाही. पहिल्या पाचांत चार रारामुरी. वर्तमानपत्रांना तर सणच होता. 'एक बाई विरुद्ध आदिम जमात' असा रंग चढला. प्रायोजक, आणणारा गृहस्थ, आयोजक यांच्यात मानापमान आणि पैशावरून तणातणी झाली, आणि त्यानंतर ते लोक लेडविलला आले नाहीत. जिंकल्यावर हेरेराला काय वाटलं, हे कोणी धड विचारून लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. त्याच्या गुडघ्यांबद्दल आणि वहाणांबद्दल मात्र पानंच्या पानं आहेत.

आता सांगा, चुरो धावला ते स्वेच्छेनं की नाही? कोणी बंदूक लावली नव्हती. पण घरी मका कमी होता. धावण्यात तो रमत होता का? रमत असणारच, त्याच्या लोकांत तो आनंदाचाच खेळ आहे. मग तो खेळ होता की मजुरी? दोन्ही म्हणून सुटता येतं, पण वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी गुण कापले असते. पुढं मायका ट्रू नावाच्या माणसानं त्यांच्याच दरीत शर्यत सुरू केली. त्यानं १९९४ मध्ये लेडविलला एका रारामुरीला सोबत केली होती. त्याच्या शर्यतीत बक्षीस म्हणून मक्याच्या पावत्या द्यायची रीत पडली. बाहेरून आलेला धावपटूसुद्धा आपली पावती गावाला देऊन टाकायचा. मला हा जरा प्रामाणिक व्यवहार वाटतो, मका मक्याच्या जागी ठेवला म्हणून. २०१५ मध्ये तस्करांच्या टोळ्यांच्या गोळीबारामुळं ती शर्यत ऐन वेळी रद्द करावी लागली. त्याच टोळ्यांनी काही रारामुरी पोरांना गांजाची ओझी पाठीवर देऊन वाळवंटातून सीमेपार पाठवलं, आणि अमेरिकी न्यायालयांत त्यांच्यावर खटले चालले. तीच पावलं, तोच दम.

लेडविलची शर्यत २०१० मध्ये एका मोठ्या व्यायामशाळा कंपनीनं विकत घेतली. क्लायमॅक्सची खाण २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली, पूर्वीच्या मानानं थोड्या माणसांत.

ट्विन लेक्सच्या त्या रात्रीकडं येतो. संध्याकाळपासून आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसलो होतो. समोर अंधारात होप पासचा डोंगर, आणि त्याच्यावरून खाली सरकणारे दिव्यांचे ठिपके. मुलगी म्हणाली, "वारीसारखं वाटतं ना, बाबा?" मी म्हटलं, वारीत उशीर झाला म्हणून कोणी परत पाठवत नाही. इथं पाठवतात. प्रत्येक चौकीला वेळ ठरलेली. ती टळली की मनगटावरची पट्टी कात्रीनं कापतात आणि तुमची शर्यत तिथं संपते. आमचे जावई आले ते वेळ टळून अकरा मिनिटांनी. साठ मैलांहून अधिक झाले होते. कात्री घेतलेली बाई आजीच्या वयाची होती. तिनं आधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मग पट्टी कापली. ते ओक्साबोक्शी रडले. मोठा माणूस, कंपनीत चाळीस माणसं हाताखाली.

मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला जरा संकोच होतो. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग, का लपवू, थोडा राग आला. आई दुष्काळी कामावर एकदा तापानं फणफणली होती. मी म्हटलं, आज जाऊ नकोस. ती म्हणाली, "ढीग अर्धा राहिलाय, मोजायला उद्या येणारेत." आणि गेली. तिची पट्टी कापायला कोणी नव्हतं. आणि हा माणूस थांबावं लागलं म्हणून रडतोय!

राग फार टिकला नाही. त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे दिसत होतं. पण इतकी वर्षं मी स्वातंत्र्य शोधत होतो ते सुरुवातीच्या टोकाला, म्हणजे निवड कोणी केली, केव्हा केली, सक्ती होती का. त्या रात्रीपासून मी दुसऱ्या टोकाला बघतो. मधेच थांबलं तर पुढं काय होतं? जावयांना गरम सूप मिळालं, गोधडी मिळाली, सोमवारी ते कामावर जाणार होते. चुरो मधेच थांबला असता तर गावाला मका मिळाला असता का? आई थांबली असती तर? सूट्सच्या व्याख्येत हा प्रश्न नाही. तो घातला तर व्याख्या सुधारते की मोडते, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तुमच्यात कोणी तरुण अभ्यासक असेल तर त्यानं यावर काम करावं.

परत येताना गाडी खडीच्या रस्त्यानं हळूहळू चालली होती. एका वळणावर जावयांना मळमळलं म्हणून थांबलो. मी खाली उतरून पायाखालचा एक खडा उचलला आणि गाडीच्या दिव्यात पाहिला. सगळ्या कडा एकसारख्या, यंत्रानं फोडलेला.  जावई काचेतून म्हणाले, "बाबा, काय बघताय?" मी म्हटलं, दीड इंचाचा आहे का बघतोय. त्यांना वाटलं, उंचीमुळं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. (हशा) मग जरा वेळानं म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरणार आहे."

तो खडा माझ्या टेबलावर आहे. पावणेदोन इंच भरला.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.